दुसरेपणाचं घर

"मी सांगते ना, सरळ घ्या," चष्मेवाली आरशामागून म्हणाली.

पण वाट विचारायची ती नाक्यावरच, असा टेम्पोवाल्याचा नेम होता. त्याने मान बाहेर काढली आणि शिलाई मशीनवर वाकलेल्या बाईंना हाक मारली, "काकू, चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी घर घेतलंय, ते कुठलं हो?"

"मास्तरीणबाईंचं घर ना?" शिंपीणकाकू दातांतला दोरा न सोडता म्हणाल्या. "ते काय, निळं फाटक."

चष्मेवाली टेम्पोत पुढेच बसली होती. मांडीवर आरसा उभा धरून, कारण मागे गाद्या-भांड्यांत ठेवला तर फुटायचा. त्यामुळे काकूंना ती दिसली नाही, तिला काकू दिसल्या नाहीत. तिला दिसत होता तिचाच चेहरा, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत उतरला.

घर माझं, सही माझी, कर्जाचे हप्ते माझ्या पगारातले. आणि नाव मास्तरीणबाईंचं!

घर काही तिने डोळे झाकून घेतलं नव्हतं. डोळ्यांच्याच धंद्यातली बाई ती. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर बघायचे, नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे दांडी टोचते का ते विचारायचं, हे तिचं काम. वकिलाने घराचे कागद वाचले, तिने घराच्या भिंती वाचल्या. बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्या, कपाट सरकवून मागे ओल आहे का ते तळहाताने पाहिलं, सगळे नळ एकदम सोडून मोरी तुंबते का ते बघितलं. सकाळी एकदा आली, दुपारी एकदा आली, ऊन कुठून कुठे सरकतं ते उभं राहून पाहिलं. मास्तरीणबाई तेव्हा आधीच मुलाकडे राहायला गेल्या होत्या. व्यवहार मुलानेच केला, किल्ल्या त्यानेच दिल्या. तेव्हा घराची आधीची मालकीण कशी, उंच की ठेंगणी, रागीट की गरीब, हे तिने पाहिलंच नव्हतं. तिला वाटलं, बाई गेली म्हणजे गेली.

तिच्या आईला बोलता बोलता ओवी जुळवायची सवय होती. ती सवय लेकीच्या जिभेवर उतरली होती. टेम्पोतून खाली पाय ठेवता ठेवता तिच्या मनात आपोआप जुळलं,

*दारं मोजली, खिडक्या मोजल्या, भिंत पाहिली ठोकून,*
*सवत बसली लपून, चुन्याआड.*

आणि खरंच, त्या दिवसापासून घराने तिला डावलायला सुरुवात केली.

स्वयंपाकघरातलं फडताळ उघडायला गेली की दार तिच्याच अंगावर यायचं आणि त्याचा कोपरा कोपराच्या हाडावर बसायचा. खोलीत शिरताना जिथे दिव्याचं बटण असावं तिथे भिंत कोरी, आणि जिथे कुणाचा हात जाणार नाही तिथे बटण. पुढच्या दाराला किल्ली घालून फिरवली की ते उघडायचं सोडून आणखी घट्ट मिटायचं, माहेरी जाऊ न दिलेल्या बाईसारखं. ओट्यावर भांडी निथळायची जागा नको त्या बाजूला. पळ्या-झारे टांगायच्या खुंट्या शेगडीच्या पलीकडे, म्हणजे पळी हवी तर वाफेवरून हात न्यायचा. घर चांगलं होतं, उजेडाचं होतं, कुठे तडा नाही, ओल नाही. पण तिला वाटायचं, आपण कुणाच्या तरी अंगाला बेतलेलं पोलकं घालून फिरतोय.

"उलट्या काळजाचं घर आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा शाळेची बस चालवायचा. खाऊनपिऊन सुखी, स्वभावाने सपाट रस्ता. "मला तर काही अडत नाही," तो म्हणाला. आणि फडताळाचं दार त्याने असं उघडलं, जणू ते त्याची वाटच पाहत होतं. "अगं, गिअरच्या जागी आहे सगळं. हात आपोआप जातो."

"तुम्हाला गिअर, आणि मला गुद्दे."

"बाईंनी विचार करून केलंय हं पण. हे बघ, डब्याच्या फळीला पुढे पट्टी लावलीय, डबा घसरू नये म्हणून. कसलं डोकं!"

चष्मेवालीने हातातला डबा फळीवर जरा जोरानेच ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिने डबे लावले, घासले, भरले. त्या डब्यांकडे बघून हा माणूस एकदा तरी म्हणाला होता का, कसलं डोकं? आणि ज्या बाईचं तोंड पाहिलं नाही तिच्या एका पट्टीवर एवढा जीव!

"सरळ सांगा की, ती बाई माझ्यापेक्षा उजवी आहे."

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? दिसतंय."

तो हसला. बायकोच्या बोलण्यात जिथे खड्डा आहे तिथे तो बस हळू करायचा. पण हळू केली तरी हादरा बसायचा तो बसतोच.

गल्लीचं तर बोलायलाच नको. दूधवाला, भंगारवाला, पाण्याचं मीटर बघणारा, जो येईल तो मास्तरीणबाईंच्या घरी यायचा. शिंपीणकाकू तर रोज भिंतीवरून डोकवायच्या. मनाने वाईट नव्हत्या. पण काही माणसांच्या कौतुकालाही सुई असते.

"बाईंच्या खिडकीला पडदा लावलात वाटतं? बाईंना नाही आवडायचे पडदे."

"आता बाई नाहीत ना इथे, काकू."

"हो ना, तेच म्हणते. नाहीतर लावू दिले नसते." आणि एक सुस्कारा. "भूगोल शिकवायच्या हो. अर्ध्या गल्लीला नकाशे काढायला शिकवले त्यांनी. तुमच्या त्या मागच्या खोलीत बसून."

तुमच्या खोलीत म्हणाल्या, एवढंच काय ते चष्मेवालीने मनाशी ठेवलं आणि तेवढ्यावर तो दिवस ढकलला.

तिने मनातल्या मनात नातं पक्कं केलं होतं. घर म्हणजे बिजवर. त्याच्या घरात ती दुसरेपणावर आलेली. पहिलीने त्याला वळण लावलेलं, पहिलीच्या हाकेला ओ द्यायची सवय लावलेली. आता दुसरीने कितीही लाडाने हाक मारली तरी तो मान वळवतो ती पहिल्या बाजूलाच. दुसरेपणावर दिलेल्या बायका कशा पहिलीच्या लुगड्यांकडे बघतात, तशी ती खुंट्यांकडे बघायची. संध्याकाळी दुकानातून परतताना फाटकाशी आली की पाय जरा थबकायचे.

*कडी म्हणते हात कुणाचा, जोतं म्हणतं पाय कुणाचा,*
*आरसा पुसतो चेहरा कुणाचा, नव्या बाईचा.*

तरीही हे सगळं तिने गिळलं असतं. माणूस जागेला हळूहळू सरावतो, हे तिला कळत होतं. पण घराने मग तिच्या लेकीलाच फितवलं.

लेक नऊ वर्षांची. घरात तिला धांदल म्हणत. "आली धांदल," "धांदलीच्या हातात काच देऊ नका," असं. जुन्या भाड्याच्या खोल्यांत तिने किती पेले फोडले त्याला गणती नव्हती. दूध प्यायली तर अर्धं पोटात, अर्धं टेबलावर. जेवताना शेजारच्याला कोपर लागायचं. वहीत ओळी लिहिल्या की हात त्यांच्यावरून घासत जायचा, अक्षरांना मिशा फुटायच्या, डाव्या हाताची कड करंगळीपासून मनगटापर्यंत शाईने निळी. आई ओरडायची, मग जवळ घ्यायची, मग परत ओरडायची. वेंधळी आहे पोर, होईल मोठी झाली की नीट, असं सगळेच म्हणायचे, पोरीच्या समोरच.

या घरात येऊन महिना झाला असेल. लेक स्वयंपाकघरातून आली, हातात पाण्याचा पेला काठोकाठ. फडताळातून पेला तिनेच काढला होता, पाणी तिनेच भरलं होतं. आख्खी खोली ओलांडून तिने तो बापाला नेऊन दिला. थेंब सांडला नाही.

"अरे वा, धांदल!" बाप म्हणाला.

चष्मेवालीने ते पाहिलं आणि तिला आनंद व्हायच्या आधी दुसरंच काहीतरी झालं.

मग ती लक्ष ठेवू लागली. लेक आता मागच्या खोलीतच असायची. तिथे उजव्या हाताला खिडकी येईल अशी भिंतीला एक रुंद, जरा तिरकी फळी ठोकलेली होती, मास्तरीणबाईंची लिहायची. चष्मेवालीने लेकीसाठी नवं टेबल आणलं होतं, ड्रॉवरचं, आवडीने निवडून. लेक त्यावर दप्तर टाकायची आणि फळीवर जाऊन बसायची.

"टेबल कशाला आणलंय मग?"

"इथे बरं वाटतं, आई."

"काय बरं वाटतं? जुनं लाकूड ते."

लेकीने थोडा विचार केला. "इथे ना, माझ्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही."

"सावली पडायला काय, दिवा लाव."

"दिवा लावला तरी टेबलावर पडते. इथे नाही पडत." आणि मग लहान मुलं कसं अगदी सरळ सुरी चालवतात तसं ती म्हणाली, "हे घर ना आई, मला ओळखतं."

चष्मेवाली वळली. ओट्याशी गेली आणि नळ उगाच सोडून उभी राहिली. नऊ वर्षं जिला कडेवर, मांडीवर, डोळ्यांवर घेतली ती पोर आपल्या हाताखाली धांदलच राहिली. आणि कोण कुठली एक बाई, इथून निघूनही गेलेली, तिने एका फळीवर हिला शहाणी केली? नवरा गेला तिच्या बाजूला. गल्ली तिचीच. आता पोरही?

दुसऱ्या दिवशी दुकानात एक आजोबा आले. नवा चष्मा करून आठवडा झाला होता. "दिसतं सगळं हो," ते म्हणाले, "पण डोकं ठणकतं. पायरी आहे तिथे नसते, नसते तिथे असते. बायको म्हणते, म्हातारपण. म्हातारपण एका आठवड्यात येतं का?"

तिने चष्मा हातात घेतला, भिंगं यंत्राखाली धरली. डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसलं होतं, उजव्याचं डावीकडे. कारखान्यातली चूक. दोन्ही भिंगं चांगली, नंबर बरोबर, काच स्वच्छ. फक्त बाजू चुकली होती. तिने ती बदलून घातली. आजोबांनी चष्मा लावला, जमिनीकडे बघितलं, आणि दुकानाची पायरी अशी उतरले जशी लग्नात उतरले असतील.

"चूक चष्म्याची होती, आजोबा. तुमची नव्हती," ती त्यांच्या मागून म्हणाली. म्हणाली आणि विसरली, कारण मनात दुसराच बेत शिजत होता. दुकानातून निघता निघता ती शेजारच्या सुताराकडे गेली.

"सुट्टीच्या दिवशी येता? घरातलं सगळं सरळ करून घ्यायचंय. फडताळाची दारं, खुंट्या, पुढचं कुलूप. आणि मागच्या खोलीत एक फळी आहे, ती उखडायची."

सुतार कानावरची पेन्सिल काढत म्हणाला, "मास्तरीणबाईंचं घर ना ते?"

"चष्मेवालीचं," ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी नवरा सहलीची बस घेऊन गेला होता. जाताना फक्त एवढंच म्हणाला, "पोरीला विचारलंस?"

"पोर नऊ वर्षांची आहे. घर तिला विचारून घेतलं नव्हतं."

"फळी राहू दे की. काय खातेय ती?"

"मला खातेय."

सुतार आला, त्याने फडताळापुढे बैठक मारली, बिजागऱ्या बघितल्या आणि शीळ घातली. "बाई, ज्याने केलंय त्याने जीव लावून केलंय. एक एक दार मुद्दाम डाव्या अंगाचं केलंय. बाजारात असं तयार मिळत नाही. तुम्हाला उजवं हवं?"

"सगळं उजवं," ती म्हणाली. शब्द तिच्या कानावरून गेला, पण तिने त्याला आत घेतलं नाही. रागात माणसाला ऐकू येतं, कळत नाही.

सुताराने पहिलं दार उतरवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. लेक मागच्या खोलीत फळीवर वाकून नकाशा काढत होती. हातोडीचा आवाज आला की तिचे खांदे आक्रसायचे. पण ती काही विचारत नव्हती, आणि आई काही सांगत नव्हती. दोघींच्या मधे ते उतरवलेलं दार.

तेवढ्यात पुढचं फाटक वाजलं.

एक बाई आत आल्या. पिकलेले केस, साधी सुती साडी, पायांत जाड वहाणा. पुढचं दार नुसतंच लोटलेलं होतं. त्या दाराशी थांबल्या, "आहे का कुणी?" म्हणाल्या, आणि आतला अंधार बघून त्यांचा हात न बघता, न चाचपडता भिंतीवर गेला. दिवा लागला.

ज्या बटणासाठी चष्मेवाली महिनाभर भिंत कुरवाळत होती ते बटण.

कुणी ओळख करून द्यायची गरजच उरली नाही.

"मीच ती, आधीची," बाई ओशाळून हसल्या. "बघा, हाताला लाज नाही. परक्याच्या घरात दिवे लावतोय." त्यांनी पर्स उघडली. "मागच्या फाटकाची ही किल्ली माझ्याकडेच राहिली होती. मुलगा म्हणाला, मी नेऊन देतो. म्हटलं, आपणच जाऊ."

म्हणजे आजवर माझ्या घराची किल्ली हिच्या पर्समध्ये होती, चष्मेवालीच्या मनात आलं. तोंडाने ती म्हणाली, "बसा ना. चहा ठेवते." चहा ठेवते म्हणावं लागतं तशी म्हणाली.

मास्तरीणबाईंना उतरवलेलं दार दिसलं. सुतार दिसला. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, ढगाची सावली शेतावरून जाते तसं. पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. तुम्हाला कोपर लागत असेल."

"लागतं," चष्मेवाली ताठ म्हणाली.

"लागणारच. मला उभा जन्म लागलं." त्या स्टुलावर बसल्या. "मी डावी ना. माहेरी जेवायला मला टोकाला बसवायचे, सासरीही टोकालाच. पोळी लाटली तर सासूबाई म्हणायच्या, हिच्याकडे बघून मला चक्कर येते. मग आम्ही हे बांधलं, तेव्हा आमच्या ह्यांना म्हटलं, मला काही दागिना नको. जगात एक घर तरी माझ्या बाजूने असू द्या." आणि त्या हसल्या. "त्यांनी सुताराशी भांडून भांडून एक एक दार उलटं करून घेतलं. स्वतः मात्र जन्मभर कोपर चोळत राहिले."

चहा उकळत होता. चष्मेवाली पाठमोरी उभी होती.

"आता मुलाकडे बरं असेल," ती म्हणाली. म्हणताना तिला हवं होतं की बाईंनी हो म्हणावं. तिकडे सुखी असेल तर इकडची सावली काढून घेईल.

"छान आहे. लिफ्ट आहे, सून मायाळू आहे. पण सगळं उजवं." बाईंनी हात चहाकडे केला. "परवा तिच्या नव्या चादरीवर चहा सांडला. त्याच्या आदल्या दिवशी बरणी फुटली. सून बिचारी काही बोलत नाही. फक्त म्हणते, आई, किती धांदल करता!"

मागच्या खोलीत पेन्सिल थांबली.

लेक दारात येऊन उभी राहिली. "तुम्हालापण धांदल म्हणतात?"

मास्तरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. डाव्या हातात पेन्सिल होती, आणि हाताची कड स्वच्छ होती, तिच्यावर निळा डाग नव्हता.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्यातली गं तू!"

आणि लेक हसली. असं हसली, की चष्मेवालीला वाटलं, हे हसू मी कुठे पाहिलं नाही. मी हिची आई, आणि हे हसू माझ्यासाठी नव्हतं. छातीत असा जाळ उठला की चहा उतू गेला तेही तिला दिसलं नाही. सुतार उठला आणि त्यानेच गॅस बंद केला.

जाळात एक वेळ अशी येते की सगळं स्वच्छ दिसतं. तिला दुकानातले आजोबा दिसले. डोकं ठणकणारे, पायरीला चाचपडणारे, बायकोची बोलणी खाणारे. चूक चष्म्याची होती, तुमची नव्हती. त्यांना किती सहज सांगितलं होतं तिने! लेक डावखुरी आहे हे काय तिला माहीत नव्हतं? कुणी तिचा हात बदलायला सांगितला तर ती भांडायची, शाळेतसुद्धा भांडली होती. पण हात राहू दिला, इतकंच. हाताला जागा दिली नाही. दिवसभर दुकानात डावा डोळा झाका, उजवा डोळा झाका म्हणणारी ही बाई घरी येऊन नऊ वर्षं पोरीला चुकीच्या भिंगांतून चालवत होती आणि वर म्हणत होती, धांदल.

*एका अंगाच्या दोघी लेकी, एक उजवी, एक डावी,*
*हाक कुणाला द्यावी, आई चुकली.*

"बाई," सुतार म्हणाला, "मागच्या खोलीतली फळी आधी काढू, की ही दारं?"

लेकीने आईकडे पाहिलं. काही मागितलं नाही. मागून मिळत नाही हे शिकलेली पोर ती. तेच आईला सोसवलं नाही.

"फळीला हात लावायचा नाही," चष्मेवाली म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "आणि ते दार होतं तसं परत बसवा."

"उजवं नको?"

"पोर तिथून पेला घेते."

"आणि तुमचं कोपर?"

"कोपर माझं आहे. लागू दे." मग तिने एकदा मास्तरीणबाईंकडे बघितलं, आणि मऊ व्हायला निघालेलं मन पुन्हा ताठ झालं. "पण खुंट्या शेगडीच्या ह्या बाजूला घ्या. स्वयंपाक मी करते."

"घ्याच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "वाफ लागते. मलापण लागायची, पण मी हट्टाने बोलले नाही."

हे ऐकून चष्मेवालीला पहिल्यांदा हसू आलं. तिने ते ओठांत दाबलं. सवतीपुढे लगेच कुणी हसतं का?

भिंतीवरून शिंपीणकाकूंचं डोकं वर आलं. "काय गं, मास्तरीणबाईंच्या घरात कसली ठोकाठोक चाललीय?"

मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं, पण उत्तर त्यांचं नव्हतं, हे त्यांना कळलं, आणि त्यांनी ते मिटलं. चष्मेवालीच्या जिभेवर कधीचं तयार होतं, माझं घर. महिनाभर घोकलेलं. ते बाहेर पडता पडता बदललं.

"माझ्या लेकीचं घर आहे, काकू," ती म्हणाली. "जपून ठोकतोय."

काकूंनी मास्तरीणबाईंना पाहिलं, दोरा दातांतून काढला, आणि भिंतीवरचं डोकं हळूच खाली गेलं.

मास्तरीणबाई निघाल्या तेव्हा लेक त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. त्यांचा हात धरून, डावा. नकाशात नदी कशी वळवायची ते विचारत. "परत याल?" तिने विचारलं, आणि बाईंनी उत्तर द्यायच्या आधी मागे वळून आईकडे पाहिलं.

परवानगी मागणारी ती नजर चष्मेवालीला झोंबलीही आणि बरीही वाटली.

"या," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "येताना सांगून या. दिवा मी लावेन."

सुतार गेल्यावर दोघी मायलेकी भाजी आणायला बाहेर पडल्या. परत आल्या तेव्हा आईच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात किल्ली. किल्ली कुलपात घातली, फिरवली, दार नेहमीसारखं आणखी घट्ट मिटलं. तिने दात आवळले.

"आई, पिशवी इकडे दे," लेक म्हणाली. "आता डाव्या हाताने बघ. डावीकडे फिरव."

"मला नाही जमत डाव्याने."

"बघ तर."

चष्मेवालीने किल्ली दुसऱ्या हातात घेतली. अनोळखी हात, आपल्याच अंगावरचा. तिने ती हलकेच डावीकडे फिरवली. कुलूप लोण्यासारखं उघडलं, दार आत सरकलं, आणि घर पुढ्यात पसरलं, ओट्यापासून मागच्या खिडकीपर्यंत, उजेडासकट.

"बघ," लेक म्हणाली, "डाव्या हातचा मळ!" आणि पिशवी सावरत, एकही टोमॅटो न सांडता, आत पळाली.

चष्मेवाली जोत्यावरच उभी राहिली. इतके दिवस एवढं सोपं होतं, आणि त्या बाईने एका शब्दाने सांगितलं नाही, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. मग आठवलं की आपणही विचारलं नव्हतं. तो राग तेवढाच राहिला, पण त्याची बाजू बदलली. तिने दार पुन्हा ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि आत कुणी बघत नाही ना याची खात्री करून, डाव्या हाताने आणखी एकदा उघडून पाहिलं.